चष्मा काढला की आमेन

माझ्या धाकट्याला बोलायला उभं केलं की थांबायचं भानच राहत नाही. चर्चचा पाळक झाला, पण उपदेशाचं नुसतं गुऱ्हाळ लावतो. मागच्या परिषदेत त्याने एवढी लांबण लावली की बिशपसाहेबांनाच बोलायला वेळ उरला नाही. यंदाही तसंच झालं असतं तर त्याला पुन्हा कुणी उभं केलं नसतं. म्हणून मी खूण ठरवून दिली. मी पहिल्या रांगेत बसणार, आणि मी चष्मा काढला की त्याने आमेन म्हणायचं.

तो बोलायला उभा राहिला. बिशपसाहेब घड्याळाकडे बघत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे. त्यात ह्याने वडिलांची गोष्ट काढली. लहानपणी हा तापाने फणफणला होता, तेव्हा वडील त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत धावत गेले, तर दार बंद. सगळी सभा पुढे सरकून ऐकायला लागली. मला तर ते दार डोळ्यांसमोर दिसायला लागलं. काचा धुरकटल्या, म्हणून मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आमेन," म्हणाला आणि सरळ खाली उतरला!

बिशपसाहेब माझ्याकडे वाकून विचारतात, "मग दार उघडलं का हो, आई?"

मी लेकाची बाही धरली. "मेल्या, मला रडू आलं होतं! जा, परत वर चढ. बापाला दारात ताटकळत ठेवून आमेन म्हणायचं नसतं."