लंबकगुरूंची अंगठी आणि दोन परीक्षा

हॉलमध्ये खुर्च्या शंभर आणि माणसं अडीचशे! प्रत्येकाच्या हातात परदेशी कॉलेजांची रंगीत माहितीपत्रकं. व्यासपीठावर कोट घातलेले लंबकगुरू, त्यांच्या चिमटीत दोरा आणि दोऱ्याला अंगठी. टेबलावर दोन अर्ज होते, एक कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा, दुसरा इंग्रजीच्या चाचणीचा. ज्या अर्जावर अंगठी गोल फिरेल ती परीक्षा द्यायची, सरळ झुलेल ती सोडायची. अंगठी फिरली की टाळ्यांचा कडकडाट आणि कुणाच्या तरी आईच्या डोळ्यांत पाणी.

"अभ्यास काय, कुणीही करतो!" गुरू गरजले. "ब्रह्मांडाच्या आणि विद्यापीठाच्या लहरी एका रेषेत आल्या, की व्हिसा आपल्या पायांनी चालत घरी येतो!"

मी गवंडी. भिंती एका रेषेत आणण्यात माझी तीस वर्षं गेली, पण लहरी रेषेत आणणारा कारागीर पहिल्यांदाच बघत होतो. मला इथे ओढून आणलं होतं माझ्या भाचीने. तिला परदेशात इंजिनिअरिंग शिकायचं होतं. गेल्या आठवड्यात याच अंगठीने तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला सांगितलं, की इंग्रजीची चाचणी द्या, प्रवेश परीक्षेच्या वाटेला जाऊ नका. ताईला ते ब्रह्मवाक्य! प्रवेश परीक्षेची नोंदणी आज पाचला बंद होणार होती आणि पोरीचे डोळे रडून सुजले होते.

"मामा, दोन्ही लागतात," भाचीने मोबाइल पुढे केला. "विद्यापीठानेच लिहिलंय. प्रवेश परीक्षेत गणित आणि तर्क बघतात, मला तिथलं शिकणं झेपेल का ते. इंग्रजीच्या चाचणीत ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, म्हणजे तिथल्या सरांचं मला कळेल का ते. एकीचे गुण दुसरीच्या जागी चालत नाहीत."

"गप गं!" ताई म्हणाली. "अंगठी खोटं बोलेल का?"

बोलेल कशी बिचारी, तिला तोंड कुठाय! मी सरळ व्यासपीठावर चढलो.

"गुरुजी, शक्ती अंगठीत की तुमच्या बोटांत?"

"अंगठीत! सात डोंगर ओलांडून आणलीय!"

"मग बोटांना जरा विश्रांती द्या." मी दोरा त्यांच्या चिमटीतून काढून माइकच्या स्टँडला बांधला आणि खाली अर्ज सरकवला. अंगठीने दोन-चार हेलकावे खाल्ले आणि थांबली. दुसरा अर्ज सरकवला. ढिम्म! गुरूंनी मंत्र पुटपुटला, मग मोठ्याने म्हटला, मग बोंबलून म्हटला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"एसीमुळे लहरी तुटतात!" गुरू ओरडले.

"मघाशी काय एसी उपोषणाला बसला होता?"

हॉल खदखदला. मी ताईला वर बोलावलं आणि दोरा सोडवून तिच्या हातात दिला. "हात हलवू नकोस. नुसतं मनात म्हण, गोल फिर."

अंगठी फिरू लागली.

"आता म्हण, सरळ झुल."

झुलली! "अगंबाई! अरे, मी हलवत नाहीये रे!"

"हलवतेस, पण तुला कळत नाही. मनात आलं की बोटं कणभर हलतात आणि दोऱ्याच्या टोकाला त्याचा झोका होतो. म्हणून तर भिंत सरळ आहे का बघताना आम्ही ओळंब्याची, म्हणजे दोऱ्याला टांगलेल्या वजनाची, पट्टी भिंतीला टेकवतो. नुसत्या हातात धरला तर तो कधी गप्प बसत नाही. आता सांग, यांचा स्वतःचा क्लास कुठल्या परीक्षेचा?"

"इंग्रजीच्या चाचणीचा," ताई पुटपुटली. तिला हॉलबाहेरची गुरूंच्या क्लासची पाटी आठवली आणि तिने कपाळावर हात मारला.

पाच मिनिटांत अख्ख्या हॉलने किल्ल्या, लॉकेटं, इयरफोन झुलवायला घेतले. एक आजोबा तर कवळीला दोरा बांधायला निघाले! त्या गदारोळात गुरू मागच्या दाराने पसार झाले.

पाचला वीस मिनिटं होती. ताई मोबाइल घेऊन व्यासपीठाच्या पायरीवरच बसली. "चल, काय भरायचं ते सांग," ती भाचीला म्हणाली. पोरगी सांगत गेली, आई भरत गेली. नोंदणी झाल्याचा मेसेज आला, तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मला उगाचच चष्मा पुसावासा वाटला.

तेव्हा मंडळी, ऐका. ज्या कॉलेजात जायचं, त्याचे नियम त्या कॉलेजालाच विचारा. ते वाचायला दिव्यदृष्टी लागत नाही, दोन डोळे पुरतात. आणि आपली पोरगी काय सांगतेय ते ऐकायला, दोन कान.