मंजुरी माझ्या नावाची

नाशिकला एकलहरे रोडवरच्या आमच्या खतांच्या गोदामात माझ्या नावाशिवाय पान हलत नाही. ऐकायला केवढं भारी ना? डोंबलाचं भारी!

कंपनीने नवं सॉफ्टवेअर आणलं. ट्रक सोडायचा असो की कुणाची रजा, मंजुरी एकाच आयडीने. तो आयडी खरं तर मॅनेजर बच्छाव साहेबांचा हवा. पण ट्रेनिंगच्या दिवशी ते कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. फोनवरून म्हणाले, "चैताली पगारेचं नाव नि नंबर टाका, नंतर बदलू." ते नंतर काही उजाडलं नाही. आता साहेब केबिनमध्ये माझा आयडी उघडून बसतात, ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो आणि दिवसभर एकच हाळी: "चैताली, ओटीपी!" मी हातातलं काम न सोडता इथूनच आकडे ओरडते.

माझी तीन वर्षांची हर्षाली सटाण्याला, सासूबाईंजवळ. नवऱ्याची शाळाही तिथेच. सटाण्याच्या शाखेत जागा निघाली, तसा मी बदलीचा अर्ज टाकला. तो मंजुरीला आला कुठे, तर माझ्याच आयडीवर! एक बटण दाबलं असतं तर सुटले असते. पण स्वतःचा अर्ज स्वतःच मंजूर करायचा? लाज वाटली मला. "साहेब, तुम्हीच बघा," म्हटलं.

"बघतो की," म्हणाले.

सोमवारी गेटवर ट्रकांची रांग. ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले. साहेब ओटीपी मागत होते, मी देत होते. संध्याकाळी अर्ज उघडून पाहिला. नामंजूर. नामंजूर करणाऱ्याचं नाव: चैताली पगारे.

माझं डोकंच फिरलं. तडक केबिनमध्ये गेले. "साहेब, हे काय?"

"अगं, तू गेलीस तर ओटीपी कुणाकडे मागू? नंबर बदलायला पुण्याच्या हेड ऑफिसला लिहावं लागेल. ते विचारतील, इतके दिवस कसं चाललं? तुझ्यावरच येईल, बाई. दुसऱ्याला ओटीपी दिला की सरळ घरी बसवतात."

तरी मी पुण्याच्या ऑफिसला फोन लावलाच. तिथल्या तेजस्विनी मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "अर्ज तुम्हीच नाकारलाय. ओटीपीसुद्धा टाकलाय. दुसऱ्या कुणी केलं असेल तर सांगा, चौकशी लावते."

काय सांगणार, कप्पाळ? खरं बोलले तर नोकरी जाणार. इतका संताप आला की रडूही फुटेना.

"नाही," म्हटलं. "मीच नाकारला."

"कारण काय लिहू?"

"लिहा," मी म्हणाले, "मला नाशिक सोडायचं नाही."