मखमलीच्या गादीवरचा लॅपटॉप

मला जुना म्हणा मित्रांनो, मी रागावणार नाही; फक्त स्वस्त म्हणू नका. माझी एक बिजागरी कुरकुरते, कीबोर्डावरची काही अक्षरं बोटांनी पुसून नेली आहेत आणि पाठीवर एक लांब चरा आहे. तरीही मी कुमासी शहरात, बांतामाच्या आमच्या गल्लीत उतरलो त्या दिवशी त्या गल्लीत माझ्याइतकी महाग वस्तू दुसरी नव्हती, कोपऱ्यावरची फुटक्या दिव्याची टॅक्सी धरूनसुद्धा. हे मी म्हणत नाही. शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या होत्या, आणि चांगलं बोललेलं मी सहसा विसरत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यातला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे बारीक बारीक स्क्रू आवळले, माझ्या अंगावर बोटाचा ठसा उमटू नये म्हणून किती जपल्या. मग मऊ कागद, मग खोकं, मग त्या खोक्याला आणखी एक खोकं. ज्याला जन्मल्याबरोबर असं गुंडाळून ठेवतात त्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटणारच. हॅम्बर्गला राहणाऱ्या चर्चमधल्या एका बाईंच्या सामानातून, त्यांच्या लोकरी कपड्यांच्या उबेत मी कुमासीला पोचलो.

मला मागवलं होतं कोनादूबाईंनी. त्यांची खानावळ होती. तरुणपणी फुफूसाठी उकडलेले कंद उखळात कांडून कांडून त्यांचे दंड असे झाले होते की उधारी मागायला येणारा दारातूनच परत जाई. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. धाकट्या बहिणीची, पोकुआबाईंची मुलगी दुफिये त्यांच्या हाताखाली वाढली आणि त्यांना मोठी आई म्हणू लागली. ही दुफिये मोठी होऊन अंत्यविधीच्या पुस्तिका करू लागली. इकडे माणूस गेलं की शनिवारच्या मंडपात त्याची रंगीत पुस्तिका वाटतात: फोटो, भजनं, गेलेल्याच्या आयुष्याची हकिगत, मुलाबाळांनी लिहिलेले चार शब्द. पुस्तिका चांगली झाली नाही तर लोक घरच्यांना नावं ठेवतात. दुफिये तेव्हा दुसऱ्यांच्या दुकानात, दुसऱ्यांच्या यंत्रावर ताटकळत काम करायची. ते मोठ्या आईला खपलं नाही. तिने मला दुफियेच्या टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "घे. आता कोणाच्या दारात बसू नकोस."

मी टेबलावर ठेवला गेलो खरा, पण लाकडावर राहिलो नाही. पोकुआबाईंना ते बघवेना. पोकुआबाई म्हणजे कुमासीतलं नावाजलेलं माणूस. शेवटच्या दर्शनासाठी माणसाला ज्या पलंगावर निजवतात, तो पलंग सजवावा तर त्यांनीच. लेस, साटीन, झालरी, चुण्या. माणूस हयातभर चटईवर झोपलेलं असो, पोकुआबाई त्याला राजासारखं निजवून पाठवणार. त्यांच्या थोरल्या बहिणीने दिलेली इतकी महाग वस्तू उघड्या फळीवर ठेवायची? लोक काय म्हणतील? त्यांनी माझ्यासाठी लाल मखमलीची गादी शिवली. आत कापूस ठासून भरला, चारी कोपऱ्यांना सोनेरी गोंडे लावले. काम नसताना अंगावर टाकायला लेसचा रुमालसुद्धा केला.

खरं सांगतो, त्या गादीवर पहिल्यांदा बसलो तेव्हा मला कारखान्यातल्या त्या मऊ कागदाची आठवण झाली. आपल्याला अखेर ओळखणारी माणसं भेटली, असं वाटलं. गिऱ्हाइकं यायची, आधी मला बघायची आणि मग खुर्चीवर बसायची. दुफियेच्या पुस्तिकाही देखण्या व्हायच्या. इतर ठिकाणी साऱ्या मृतांची एकच हकिगत छापतात, फक्त नाव बदलतात. सगळेच प्रेमळ, सगळेच देवभीरू. दुफिये तसं करत नसे. ती घरी जाऊन विचारायची, गेलेले आजोबा कशाला हसायचे, कोणाशी भांडायचे. तिने लिहिलेलं वाचून मंडपातली माणसं रडता रडता हसायची. तिच्या कामाचं नाव झालं आणि त्यातलं अर्धं मी माझ्या खात्यावर जमा केलं.

मग मी आजारी पडलो.

आधी नुसता पंखा करवादायचा. मग एक दिवस काम चालू असतानाच माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बंद पडलो. दुफियेने मला कापडात गुंडाळून अदुमच्या बाजारात मास्टर बाफोकडे नेलं. बाफो म्हणजे बारीक अंगाचा, कपाळाला दिवा बांधलेला दुरुस्तीवाला. त्याने मला उघडलं, पंखा साफ केला, त्यात अडकलेले लाल धागे चिमट्याने काढून फुंकरले आणि मला परत केलं. काही आठवड्यांनी माझी बॅटरी फुगली, पोट वर आलं, झाकण बंद होईना. पुन्हा अदुम. नवी बॅटरी. पुन्हा लाल धागे. त्यानंतर पडद्यावर रेघा उमटायला लागल्या, मग पडदा काळाच झाला. बाफोने आतल्या पाटीवर नव्याने डाख दिला. माझ्यासारख्या नामांकिताला असं सारखं पोट उघडून पडावं लागणं किती लाजिरवाणं असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

बाफो म्हणायचा, तुमच्या गल्लीत वीज नीट येत नाही, आणि त्यात हरमटान वाऱ्याची ही धूळ. दुफिये म्हणायची, तुझे सुटे भाग खोटे. घरी गेलं की पोकुआबाई मला रुमालाने पुसायच्या, गादीत कापूस आणखी भरायच्या, जरा उंच करायच्या. आजाऱ्याला मऊ बिछाना लागतो, असं त्यांचं म्हणणं. माझंही तेच म्हणणं होतं.

त्याच धुळीच्या दिवसांत मोठी आई गेली.

आठव्या दिवशी घराणं जमलं. सगळ्यांत थोरले वोफा अमोआको. वोफा म्हणजे मामा, आणि इकडे घरात मामाचा शब्द शेवटचा. त्यांनी अंत्यविधीची तारीख ठरवली, इकडे तोवर देह शवागारात ठेवतात; मंडप ठरवला, आणि पुस्तिका मोठ्या छापखान्याला द्यायची असं सांगितलं. दुफिये उभी राहिली. मोठ्या आईची पुस्तिका मी करणार, तिने दिलेल्या यंत्रावर करणार, असं ती म्हणाली. वोफा तिच्यावर ओरडले नाहीत. ते म्हणाले, "पोरी, तुझं यंत्र दर महिन्याला मरतं. कोनादू एकदाच मेली आहे. त्या दिवशी पुस्तिका नसेल तर मी मंडपात काय वाटू, शेंगदाणे?"

माणसं हसली. दुफिये हसली नाही. शेवटी असं ठरलं की अंत्यविधीच्या आधीच्या बुधवारी, संध्याकाळपर्यंत सगळी पानं तयार हवीत. नसतील तर छापखाना, आणि छापखान्याची ती नेहमीची हकिगत. म्हणजे जिने ताटात अन्न टाकणाऱ्या पोलिसालाही पळीने बडवलं होतं, ती बाई कागदावर प्रेमळ आणि देवभीरू होऊन जाणार. दुफियेला ते सहन होणारं नव्हतं.

तिने जीव ओतून पानं केली. आणि बुधवारी सकाळी, शेवटची थोडी पानं राहिलेली असताना, मी बंद पडलो.

दुफियेने मला कापडात गुंडाळलं आणि तशीच अदुमला आली. बाफोने मला उघडलं, धागे काढले, बटण दाबलं. मी सुरू झालो. तो मला परत द्यायला लागला तर तिने घेतलंच नाही. स्टूल ओढलं आणि बसली.

"मी इथून हलणार नाही," ती म्हणाली. "इथेच काम करते. बंद पडलं तर तुझ्या नाकासमोर पडेल."

बाफो म्हणाला, "बस की. भाडं नाही मागत."

त्याच्या टेबलावर डाखाचे कण, तुटक्या तारा, तेलाचे डाग. मला खरचटू नये म्हणून त्याने टोमॅटोच्या दोन रिकाम्या डब्या आडव्या ठेवल्या आणि मला त्यांच्यावर चढवलं. टोमॅटोच्या डब्या, मित्रांनो. माझ्याखाली. शेजारी एक बाई आलं-मिरची लावून केळी तळत होती, त्याचा वास अंगाला चिकटत होता. माझा इतका अपमान आजवर झाला नव्हता. मी मनाशी म्हटलं, आता बंद पडायलाच हवं, दुफियेसाठी तरी. नाहीतर ती खोटी ठरेल. मी खूप वाट पाहिली. पण मला काही होईचना. पंखा हलका फिरत होता, डोकं शांत होतं. एकेक पान तयार होत गेलं. पोलिसाला बडवल्याचं पान झालं, चर्चमध्ये मोठी आई सगळ्यांच्या आधी गाऊन मोकळी व्हायची, त्याचं पान झालं. दुपार झाली आणि दुफिये चिडायला लागली.

"का नाही पडत बंद?" ती म्हणाली.

"घरी तू त्याला शिव्या देत असशील," बाफो म्हणाला. "इथे मन रमलंय त्याचं."

इतक्यात पोकुआबाई आल्या. लेक सकाळपासून उपाशी म्हणून पानात बांधलेला वाचे, म्हणजे चवळीचा भात, घेऊन आल्या होत्या, आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीत माझी गादी. आल्या आणि मला पाहून जागीच थांबल्या.

"माझ्या बहिणीने दिलेली वस्तू टोमॅटोच्या डब्यांवर?" त्यांनी विचारलं. "उद्या मलाही डब्यांवरच निजवाल."

"तुम्ही मावणार नाही, मावशी," बाफो म्हणाला.

पोकुआबाईंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. गादी काढली, झटकली, गोंडे सरळ केले आणि मला उचलून तिच्यावर ठेवलं. मी अंग सैल सोडलं. आता कसा शोभलो, असं मनात म्हणतोय तोवर माझा पंखा किंचाळायला लागला. पोटात आग पेटली. पुन्हा कापूस भरून फुगलेली मखमल माझ्या पोटाखालच्या जाळीला घट्ट चिकटली होती, आत वाऱ्याची झुळूक येईना, बाहेर वाफ जाईना. आणि सगळ्यांच्या समोर मला अंधारी आली.

केळीवाल्या बाईसुद्धा झारा हातात धरून बघत राहिल्या. बाफोने गादी आणि माझ्यामधे हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. मग त्याने गादीची मखमल चिमटीत धरली आणि बोटांवर आलेले लाल धागे बघत राहिला. हेच धागे तो दर वेळी माझ्या पंख्यातून काढत होता. पण ज्या शहरात दर शनिवारी निम्मे लोक शोकाची लाल वस्त्रं नेसून हिंडतात, तिथे पंख्यात लाल धागा सापडला म्हणून कोण विचार करतो? त्याला वाटलं होतं, दुफियेच्याच कपड्यांचे असतील.

त्याने मला डब्यांवर ठेवलं. जरा वेळाने मी सुरू झालो.

"परत ठेव," पोकुआबाई म्हणाल्या.

दुफियेने मला पुन्हा गादीवर ठेवलं. मी पुन्हा बंद पडलो. तेव्हा कुठे पोकुआबाईंनी हातातला वाचे खाली ठेवला आणि त्या बसल्या. आपण शिवलेली गादी त्यांनी मांडीवर घेतली.

"मी त्याला मान देत होते गं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे, आई," दुफिये म्हणाली, आणि गादीची एक चुणी सरळ करून तिने आईचा हात धरला.

मित्रांनो, मलाही तेव्हाच कळलं. जिच्यावर बसून मी स्वतःला राजा समजत होतो, तिनेच माझा श्वास कोंडला होता. मोठेपणा अंगाखाली घेऊन बसलं की असं होत असावं. पण त्याचा विचार करायला मला वेळ नव्हता. पानं राहिली होती. मी डब्यांवर चढलो आणि संध्याकाळच्या आत शेवटचं पान पुरं करून दिलं. दुफियेने मला तसंच वोफांच्या घरी नेलं; त्यांनी सगळी पानं दारातच उभ्याने वाचली, पोलिसाच्या पानापाशी त्यांचा चष्मा धुरकटला, आणि छापायला सांगितलं.

शनिवारी पहाटे मोठ्या आईला पलंगावर निजवलं तेव्हा पोकुआबाईंनी ती लाल गादी तिच्या डोक्याखाली दिली. तिथे ती फार शोभली, असं सगळे म्हणाले. मी ते पाहिलं नाही. मला मंडपात काम होतं: मोठ्या पडद्यावर तिचे फोटो दाखवायचे होते, दिवसभर, न थांबता. मला उघड्या टेबलावर, दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवलं होतं. खालून वारा खेळत होता.

आता मी जुना झालो. दुफियेने माझ्याहून नवी, चकचकीत यंत्रं आणली, पण अवघड पुस्तिका असली की ती अजून मलाच उघडते. म्हणून माझं थोडं ऐका. तुमच्या घरीही महागडी यंत्रं असतील. त्यांना गादी, उशी, पांघरूण नका देऊ. माझ्यासारख्याला मांडीवरच्या दुलईवर घेऊन बसू नका. खाली कडक फळी द्या, पोटाखालची जाळी मोकळी ठेवा, अधूनमधून धूळ काढा. आम्हाला मिरवू नका, राबवा. आणि सारखं बिघडणारं यंत्र वाईटच आहे असं ठरवून टाकण्याआधी, ते कशावर बसलंय ते एकदा वाकून बघा.

त्या शनिवारी ऊन फार होतं. मंडपाखाली लाल-काळ्या वस्त्रांतली माणसं घामाघूम झाली होती. थोड्या वेळाने पुढच्या रांगेत वोफा अमोआकोंनी हातातली पुस्तिका उचलली आणि स्वतःला वारा घालायला लागले. त्यांचं बघून शेजारच्याने उचलली, मग मागच्या रांगेने, मग सगळ्या मंडपाने. पानापानावरून मोठी आई पळी घेऊन हलत होती. मी बनवलेल्या पानांचा तो वारा वाढत वाढत माझ्या टेबलापर्यंत आला, आणि दिवस मावळेपर्यंत मी एकदाही बंद पडलो नाही.