ओढ्यात ठेवलेला शंख

चिमाने ओढ्यातली टोपली वर ओढली. कच्छहून मांडीवर सांभाळत आणलेला थाळीएवढा दगडी शंख दिसेना. टोपलीत होता नुसता काळा गाळ.

खर्डीच्या वाडीत कडू कंदाच्या चकत्या उकडून अशाच वाहत्या पाण्यात ठेवतात. सकाळपर्यंत कडूपणा निघून जातो. शंखाला चिकटलेली मातीही तशीच निघेल, असं चिमाला वाटलं. बाई हुशार, पण दगड म्हणजे काही कंद नव्हे! हा तर चिखलच थरावर थर बसून घट्ट झालेला. पाण्यात राहिला आणि विरघळला.

"आता काय करशील गो?" बुधू, तिचा नवरा, म्हणाला. "कॉलेजच्या मॅडमला सांग, चोरीला गेला."

"खोटा कशाला बोलू? मीच घालवला."

पवनचक्क्यांच्या पायाचे खड्डे खणायला दोघं कच्छला गेली होती. खणताना असे शंख निघत आणि चिमा ते फडक्यात बांधून ठेवी. सोबतचे हसले, मुकादम खेकसला, तरी ही हटली नाही. मुरबाडच्या कॉलेजातल्या आरती मॅडम रानभाज्यांची नावं विचारायला वाडीवर येत. शंखाचा फोटो बघून त्या म्हणाल्या होत्या, "हा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्रातला जीव आहे. कॉलेजच्या कपाटात ठेवू, खाली तुमचं नाव लिहू." रेशनकार्डाबाहेर चिमाचं नाव कधी कुठे लागलं नव्हतं. तेवढ्या एका ओळीवर तिचा जीव लागला होता.

ती पाण्यातच फतकल मारून बसली. ऊन डोक्यावर येईपर्यंत मूठ मूठ गाळ फडक्यात धूत राहिली. शेवटी मुगाएवढे पाच शंख उरले, अगदी अख्खे.

दुसऱ्या दिवशी ते डबीत घालून तिने मुरबाड गाठलं. मॅडमनी भिंगातून पाहिलं आणि त्या खुर्चीतून उठल्याच. "चिमाताई, दगड भिजला नसता तर त्याच्या पोटातले हे कुणाला दिसलेच नसते!"

"तरी मोठा तो मोठा व्हता," चिमा म्हणाली.

मॅडमनी शंखांखाली ठेवायच्या कार्डावर तिचं नाव लिहिलं.

"खाली लिवा, मोठा शंख चिमाच्या हातून पान्यात गेला."

"ते कशाला? कुणी विचारणार नाही."

"पन झाला ना तसा? लिवा."

मॅडमनी लिहिलं. चिमाला वाचता येत नव्हतं. तिने त्या ओळीखाली बोट टेकवलं.

"वाचा बघू."

मॅडमनी सगळं वाचून दाखवलं, तेव्हा कुठे तिने डबी त्यांच्यापुढे सरकवली.