रोज धोंडुबाईच

दूध संस्थेत कॉम्प्युटर आला १९८८ साली, आणि आल्यापासून त्यानं धोंडुबाईंचा पिच्छा सोडला नाही.

राजारामपुरीतल्या या संस्थेचे सभासद दोनशे बारा. रोज त्यातल्या एकाच्या दुधात पाणी आहे का ते तपासायचं. माणूस नात्यागोत्यात अडकतो, म्हणून नाव यंत्रानं काढावं असं अध्यक्ष गणपतरावांचं मत. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या नृसिंहनं तशी सोय केली. एका तक्त्यात सभासद, दुसऱ्यात दूध, दोन्हींची गाठ सभासद नंबरानं. सकाळी यंत्रानं मनाला येईल तो नंबर काढायचा.

यंत्राच्या मनाला एकोणीस दिवस सत्त्याऐंशीच आला, म्हणजे धोंडुबाईंचा.

"रोज तपासत्यात म्हंजे कायतरी असणारच की," रांगेतल्या बनाबाई कुजबुजायच्या, शाहूपुरीपर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं.

विसाव्या दिवशीही तेच झालं. धोंडुबाई चरवी घेऊन थेट टेबलाशी आल्या.

"नरसू, बत्तीस वर्सं दूध घालतोय मी. माझी म्हस पाणी पितीबी बेतानं. उद्या परत नाव आलं तर मला सभासदातनं काढून टाक."

नृसिंह याच दुधावर वाढला होता. म्हणजे वीस दिवस तो स्वतःचीच हाडं तपासत होता. दुपारचा डबा न उघडता तो यंत्रापुढे बसला, आणि चूक सापडली. यंत्र तारखेवरून नंबर काढायचं. पण बंद केलं की तारीख विसरायचं. रोज सकाळी त्याच्या लेखी १ जानेवारी १९८०. तीच तारीख, तोच नंबर.

"मग तारीख हातानं घाल की," गणपतराव म्हणाले.

"उद्याची तारीख सगळ्यांनाच ठाऊक असते, अण्णा. लोक म्हणतील, नरसूनं नाव आधीच बघून ठेवलं. आधी कुणालाच माहीत नसेल असा आकडा पाहिजे."

"धार काढताना माझी म्हस शेपटी मारती," धोंडुबाई म्हणाल्या. "किती, ते तिचं तिलाबी ठावं नसतंय."

ठराव झाला: रोज शेपटीचे फटके मोजायचे आणि तो आकडा यंत्रात टाकायचा. त्यात 'म्हैस' हा शब्द लिहिण्याआधी गणपतरावांनी जरा थांबून पेन झटकलं.

सकाळी सगळी रांग टेबलाभोवती जमली.

"एक्केचाळीस," धोंडुबाई म्हणाल्या. नृसिंहनं आकडा टाकला.

पडद्यावर उमटलं: ८७.

नृसिंह खुर्चीतून उठला. "मावशी, आज ते खरंच आपोआप आलंय. दोनशे बारांत कुणाचंही येऊ शकतं, तसं तुमचं..."

"एक्केचाळीसनंच आलं न्हवं?"

"हो."

"म्हंजे यंत्राच्या मनात माझ्याबद्दल कायबी न्हाय?"

"कधीच नव्हतं."

धोंडुबाईंनी पडद्याकडे, मग रांगेकडे एकदा बघून घेतलं आणि चरवी पुढे सरकवली. "मग घे की तपासून. घरच्या म्हशीवर कुठं रुसत बसू?"

दूध नेहमीसारखंच अस्सल निघालं. नृसिंह सभासदांचा तक्ता उघडून धोंडुबाईंच्या नावापाशी थांबला होता. त्यांनी त्याच्या पाठीत हलकीशी चापट मारली.

"काढू नगंस रं नाव. उद्या शेपटी कोण मोजंल?"