कतालुमा

जुन्नरच्या बाजारपेठेत दादाभाऊंचं शिवणकामाचं दुकान होतं. माणूस असा, की जेवणाच्या वेळी आलेल्या गिऱ्हाइकाला दोन घास खाल्ल्याशिवाय उठू द्यायचा नाही. पण लोक त्यांना ओळखायचे ते भलत्याच कारणासाठी. चर्चच्या नाताळच्या नाटकात गेली तेवीस वर्षं ते वाटसरूंच्या मुक्कामाच्या उतारशाळेचा मालक व्हायचे. दिवस भरलेली मरिया आणि थकलेला योसेफ दारात आले, की दादाभाऊ कंदील वर करून ओरडायचे, "जागा नाय! चला, व्हा पुढं!" आणि धाडकन दार लावायचे.

काम एवढंच, पण ते त्यांना चिकटलं. बाजाराला आलेली माणसं दुकानात डोकावून विचारायची, "काय मालक, जागा हाय का?" दादाभाऊ हसून साजरं करायचे. बायको कुशाबाईला मात्र ठाऊक होतं, की नाटक झालं की हा माणूस दोन दिवस गप्प गप्प असतो.

"बाळंत व्हायला आलेल्या बाईला हाकलायचं," एकदा ते तिला म्हणाले होते, "खोटंखोटं आसलं तरी तोंड कडू व्हतं गं."

त्यांची सून ज्योत्स्ना हायस्कूलमध्ये मराठी शिकवायची. बायबलातला नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिलेला. तो मुळातून वाचायचाच, असं तिनं मनावर घेतलं होतं आणि दोन वर्षं पुण्याच्या एका संस्थेत ऑनलाइन ग्रीक शिकत होती. नोव्हेंबरातल्या एका सकाळी ती वही घेऊन दुकानात आली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"मामा, तुमचा तो मालक शास्त्रात नाहीच."

शिलाई मशीन थांबलं. "नाय म्हंजे?"

"कुठंच नाही. लूकनं आपल्या शुभवर्तमानात लिहिलंय, 'कतालुमा'त जागा नव्हती, म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं. कतालुमा म्हणजे उतरायची जागा. आता हे बघा. येशू शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतो ना, त्या खोलीलाही लूक कतालुमाच म्हणतो. ती कुणाच्या तरी घरातली पाहुण्यांची खोली आहे. आणि येशूनं सांगितलेल्या जखमी वाटसरूच्या गोष्टीत भाडं देऊन राहायची खरी उतारशाळा येते, तिथं त्यानं वेगळाच शब्द घातलाय."

"मंग गव्हाण कुठली?"

"घरातलीच. तिकडं गरिबाच्या घरात खालच्या अंगाला जनावरं बांधायची, वरच्या अंगाला माणसं राहायची. पाहुण्यांची खोली भरली होती, म्हणून घरच्यांनी मरियेला आपल्यातच घेतलं, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे."

दादाभाऊंनी चष्मा काढला. सुई तशीच कापडात अडकली होती. "पोरी," ते हळूच म्हणाले, "ह्ये सावळेरामभाऊंना सांगावं लागंल."

सावळेरामभाऊ चर्चच्या मंडळीतले ज्येष्ठ. नाटक त्यांनीच लिहिलेलं आणि बसवायचेही तेच. रविवारच्या उपासनेनंतर सगळे चर्चच्या व्हरांड्यात बसले. ज्योत्स्नेचं बोलणं ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आमच्या वाडवडलांनी वाचलं त्यात उतारशाळाच हाय. तुमी दोन वर्सं शिकून शास्त्र बदलणार?"

"बदलत नाही काका. तुम्हीच वाचून बघा." तिनं तिन्ही उतारे उघडून त्यांच्यापुढं ठेवले आणि ग्रीक अक्षरांखाली बोट धरलं. सावळेरामभाऊंनी एकेक अक्षर ताडून पाहिलं. पहिल्या दोन ठिकाणी तोच शब्द, तिसऱ्या ठिकाणी निराळा. मग मान हलवून म्हणाले, "शब्द तुझा बरुबर आसंल. पन गोठ्यात जल्म म्हंजे आपमानच की! हाकलल्याबिगार कोन बाई बाळंतपणाला गोठ्यात जाईल?"

"माझी आई गेली व्हती."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मंडळीच्या बैठकीत कधी तोंड न उघडणारे दादाभाऊ उभे राहिले होते.

"आंबेगाव तालुक्यात, डोंगराच्या अंगाला आमचं घर. अर्ध्या घरात बैलं, अर्ध्यात आमी. माझ्या जल्माच्या वक्ताला आत्याचं लगीन व्हतं. आतली खोली पावण्यांनी भरलेली, त्यात समदी बापयमाणसं. आजीनं आईला बैलांच्या बाजूला नेलं. तितं ऊब व्हती, आडोसा व्हता. गव्हाणीत गवात पसरून, वर आजीचं लुगडं टाकून मला निजवलं. मला कुनी हाकललं न्हवतं, सावळेरामभाऊ. घरातली सगळ्यात चांगली जागा दिली व्हती."

सावळेरामभाऊंनी नाटकाची वही उघडली, ते पान शोधलं, आणि पेनानं त्यावर आडवी रेघ मारली.

"तेवीस वर्सं तुमच्याकडनं दार लावून घेतलं," ते म्हणाले. "औंदा उघडा, राव."

नाताळच्या संध्याकाळी चर्चपुढचं मैदान भरून गेलं. शेजारपाजारची हिंदू, बौद्ध घरं दरवर्षीप्रमाणे आली होती. मरिया झालेली प्राची आणि योसेफ झालेला सार्थक दारापाशी पोचले. समोरची माणसं "जागा नाय!" म्हणून साथ द्यायला सरसावून बसली होती.

दार उघडलं. दादाभाऊंनी कंदील वर केला, मरियेकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आलात? कवाधरनं वाट बघतोय! आतली खोली पावण्यांनी भरलीया, पर घर आमचं हाय. आमच्यात या. कुशे, पाणी तापव!"

बायकांच्या घोळक्यातून सखूबाई भाजीवाली ओरडली, "आगं, शेकायला इस्तू बी घ्या!" हशा पिकला, आणि हशातून टाळ्या उठल्या. पडद्याआड उभी असलेली कुशाबाई, जिनं जन्मात रंगमंचावर पाय ठेवला नव्हता, खरोखरीचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि प्राचीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत घेऊन गेली. कोपऱ्यातली खरी गाय मान वळवून बघत राहिली.

बाळाला गव्हाणीत ठेवलं, तेव्हा मागचे लोक खुर्च्यांवर उभे राहिले होते. पडदा पडताच कुणीतरी "वन्स मोअर!" अशी आरोळी ठोकली आणि मैदानानं ती उचलली. नाताळच्या नाटकाला वन्स मोअर कुणी कधी ऐकला नव्हता. सावळेरामभाऊंनी पडदा पुन्हा वर ओढायला लावला. दाराचा प्रवेश दुसऱ्यांदा झाला. तरी लोक उठेनात.

तिसऱ्यांदा दार उघडलं, तेव्हा दादाभाऊंचा घसा पार बसला होता. शब्द फुटेना. मग त्यांनी कंदील खाली ठेवला, दारातून बाजूला झाले आणि दोन्ही हात पसरले. सगळं मैदान उभं राहिलं.