सैतानासाठी मागणं

सोजरबाईनं डोळे मिटले, पदर कपाळापर्यंत ओढला आणि भर मंडळीत, वाशीमहून आलेल्या मोठ्या पाळकसाहेबांच्या पुढ्यात, सैतानासाठी प्रार्थना केली.

"देवबापा, त्या सैतानालेबी आता घरी वापस आन. लय दिस झाले त्याले भायेर. तो आला म्हंजे मायं लेकरू, उकंडाबी, त्याच्या मांगं मांगं येईन. आमेन."

आमेन म्हणायला कुणाचं तोंडच उघडेना. एरवी सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हणणारी लिलाबाई, तिनं तर आधी आपलं पोर जवळ ओढलं. कामरगावचं ते टिनाचं प्रार्थनाघर माणसांनी गच्च भरलेलं, बाहेर चुलीवर वरण शिजतंय, कारण गावचा तरुण उपदेशक माणिकराव याच्या पाळकपदाचं आज नक्की व्हायचं होतं आणि मग सगळ्यांची पंगत. पोळ्या लाटायला पहाटेपासून कोण? सोजरबाईच. आणि तिनंच हे असं केलं.

पंच पुंजाजी, दवाखान्यातला जुना कंपाउंडर, ताडकन उठला.

"सोजरा, काय बोलून राह्यली तू? डोकं ठिकानावर हाये काय?"

बाई नुसती हसली. तिला वाटलं, यांना माहीत नाही, एवढंच. कळलं की यांनाही बरं वाटेल. तिला नव्हतं का वाटलं?

तिची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून या एकाला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवून घेतलं आणि नाव ठेवलं उकंडा. चांगला हाताशी आलेला पोरगा. गेल्या उन्हाळ्यात त्यानं विहिरीत उडी घेतली, का ते कुणालाच कळलं नाही. त्या वेळच्या पाळकानं मातीला प्रार्थना केली नाही. जीव देणारा सैतानाच्या हाती गेला, म्हणाला, आणि छत्री उघडून निघून गेला. तेव्हापासून बाई भेटेल त्याला एकच विचारायची, सैतान त्याच्याकडे गेलेल्यांना जेवू घालतो का? लोक वाट बदलायचे. एकटा माणिकराव तिच्या ओट्यावर टेकला, आणि मग रोजच टेकायला लागला.

बायबल शाळेत शिकून आलेला, ऐकणारं कुणी मिळालं की त्याला कुठं थांबायचं कळायचं नाही. बाई वाकळ शिवायची आणि तो सांगायचा. जुन्या काळचे ख्रिस्ती पंडित या सैतानापायी किती भांडले! सैतान हे म्हणे मुळात नावच नाही, ते काम आहे, फिर्यादीचं, देवापुढं उभं राहून दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. कुणी म्हणे, तो चांगला देवदूतच होता, मातीच्या माणसाचा हेवा केला आणि पडला. आफ्रिकेतला एक पंडित म्हणे, वाईट ही वस्तूच नाही, देवानं ती केलीच नाही. वाकळेला भोक पडतं ना, ते भोक म्हणजे काय? कापड नसणं. तसं वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव.

बाईनं ऐकलं, चांगल्याचा भाव. आता कामरगावच्या बाईला भाव म्हटल्यावर कापूसच आठवणार.

"बराबर हाये भाऊ," ती म्हणाली. "चांगल्याचा भाव पडला का समदं वाईटच होते."

माणिकराव इतका हसला की चहा पायजम्यावर सांडला. मावशी, त्या पंडितापेक्षा तुमचंच सोपं आहे, म्हणाला. मग ती दोघांची गंमतच होऊन बसली. तो लांबूनच विचारायचा, मावशी, काय भाव हाये आज? आणि बाई, घरात पीठ असो नसो, म्हणायची, चढला.

आणि एक मिसरातला, म्हणजे इजिप्तमधला, पंडित होता. त्याच्या लिहिण्यातून लोकांनी असं काढलं की शेवटी सगळेच देवाकडे परततील, सगळ्यात मागून का होईना, सैतानसुद्धा. बाईची सुई तिथंच थांबली. मग कळलं, पुढं त्या पंडिताला लोकांनी धारेवर धरलं तेव्हा, मी असं बोललोच नाही, माझे शब्द फिरवले, असं त्यानं लिहून दिलं.

"भेला असंन बिचारा," बाई म्हणाली होती. "आन तुमी काय मानता?"

माणिकरावानं आधी रस्त्याकडे बघितलं. रस्ता रिकामा होता. मग हळूच म्हणाला, "मीबी तेच मानतो, मावशी. सगळे येतील." त्या रात्री बाई किती दिवसांनी पोटभर जेवली.

म्हणून मोठ्या पाळकसाहेबांनी, हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं अगदी मऊ आवाजात विचारलं, तेव्हा बाईनं अभिमानानं पुढच्या रांगेकडे बघितलं. तिथं माणिकराव बसला होता, नव्या पांढऱ्या सदऱ्यात.

"या भाऊनं. लय शिकले हायेत ते."

माणिकराव उठला. त्यानं दाराकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं होतं तसंच. पण इथं दारातही माणसंच उभी होती.

"साहेब, जुन्या काळी असं एक चुकीचं मत होतं, एवढंच मी सांगितलं," तो म्हणाला. "बाईंच्या ऐकण्यात गफलत होते. मी अभाव म्हटलं, तर त्या भाव समजल्या. म्हणे, चांगल्याचा भाव पडला."

पहिला पुंजाजी हसला, मग सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे. लिलाबाईनं तोंडाला पदर लावला, मोठ्या पाळकसाहेबांनी रुमालानं डोळे टिपले. माणिकरावही हसला, जरा उशिरा. बाई एकेका तोंडाकडे बघत राहिली. सतरंजीला एक भोक होतं, त्यात तिचं बोट कधी गेलं तिलाच कळलं नाही.

"तर बाई, देवाला स्मरून सांगा," पाळकसाहेब म्हणाले. "सैतान परत येईल असं यांनी तुम्हाला सांगितलं का?"

सोजरबाई खोटं बोलत नाही हे अख्ख्या कामरगावला ठाऊक. ती हो म्हणाली असती तर माणिकरावाचं पाळकपद तिथंच संपलं असतं, आणि त्यालाही ते कळत होतं, त्याच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती. बाईनं भोकातलं बोट काढलं, ते त्याच्याकडे अर्धं उचललंही. मग त्या बोटाकडे तिनं असं बघितलं, जसं ते दुसऱ्याच कुणाचं आहे. मूठ करून पदराखाली घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "मायंच मन म्हनलं."

पाळकसाहेबांनी तिला समजावलं, असं मागणं पुन्हा करायचं नाही. माणिकरावाच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पंगत बसली.

वरण वाढायला सोजरबाईच होती. वाढत वाढत माणिकरावाच्या पत्रावळीपाशी आली. त्यानं मान वर केली नाही.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "संध्याकाळी येतो मी. समजावून सांगतो."

"कायले येता? समजलं मले. भेले तुमी. तो मिसरातलाबी भेलाच होता नं."

तो पत्रावळीवर आडवा हात धरून पुरे म्हणाला.

"घ्या," बाई म्हणाली आणि हात बाजूला होईपर्यंत वरणाचं वगराळं तसंच धरून उभी राहिली. मग वरण वाढलं. "उकंड्यासाठी मांगत होती, भाऊ. आता तुमच्यासाठीबी तेच मांगा लागन."

आणि ती पुढं सरकली. पुढं पुंजाजी बसला होता.